पाहुण्याच्या हातातला रिमोट

मित्रांनो, ज्याच्या अंगावरचा तीनचा आकडा पुसून पार गुळगुळीत झाला आहे, असा मी एक जुना रिमोट. सध्या माझा मुक्काम टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. शेजारी एक सैल झालेली कात्री आहे, अर्धी जळलेली मेणबत्ती आहे आणि दोन किल्ल्या आहेत, त्या कुठल्या कुलपाच्या हे घरात कुणालाच आठवत नाही. आम्ही एकमेकांना फारसे काही विचारत नाही. ड्रॉवरमध्ये आलेल्याला कसा आलास असे विचारू नये, एवढी रीत आम्हांलाही कळते. पण तुम्ही मुले. तुम्ही विचारणारच. म्हणून सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या छपराखाली झाला. निळ्या टोप्या घातलेल्या बायका समोरासमोर बसलेल्या असत आणि मधून रबरी पट्टा हळूहळू सरकत असे. एकीने माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, दुसरीने बटणांची रबरी चादर अंथरली, तिसरीने वरून झाकण दाबले. टक्! शेवटच्या बाईने माझे एकेक बटण दाबून पाहिले आणि म्हणाली, "हा बोलतो." माझ्या मागोमाग पट्ट्यावरून माझा भाऊ येत होता. त्यालाही ती म्हणाली, "हाही बोलतो." आम्हां दोघांना एकाच खोक्यात, दोन काळ्या सेट टॉप बॉक्सांबरोबर घातले गेले आणि आम्ही एकाच दुकानात, एकाच दिवशी विकले गेलो. विकत घेणारे दोघे मित्र होते.

एकाला सगळे इंजिन म्हणत. तीस वर्षे त्यांनी शहराची बस चालवली होती. अंगाने थोराड, आणि कान असे चुरगळलेले की कुणी कागद समजून मुठीत दाबले असावेत. घरी त्यांची लेक त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. दुसऱ्याचे नाव काटा. रस्त्याच्या कोपऱ्यावर कपाटाएवढ्या रुंदीच्या दुकानात ते घड्याळे दुरुस्त करत. शिडशिडीत, हलके, डोळ्याला भिंग लावलेले. लेक त्यांना काटाकाका म्हणे. बाबांचे घर तळमजल्यावर होते, काकांचे समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. मध्ये एक अंगण आणि चौपन्न पायऱ्या.

हे दोघे तरुणपणी एकाच संघातून रग्बी खेळले होते. तुमच्यापैकी कुणी हा खेळ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. चेंडू लांबट, अंड्यासारखा. तो घेऊन पुढे पळायचे, पण दुसऱ्याकडे द्यायचा तो मागेच. आणि अधूनमधून येतो स्क्रम. एका संघाचे आठजण एकमेकांना घट्ट धरून वाकतात, दुसऱ्या संघाचे आठजण समोरून येऊन डोकी भिडवतात, आणि मग दोन्हीकडून असा रेटा बसतो की जमिनीतले गवत निघून येते. पुढच्या रांगेत तिघे असतात. मधला आपले दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या गड्यांच्या खांद्यांवर टाकून जवळजवळ लोंबकळतो आणि पायाने चेंडू मागे ओढतो. काटाकाका मधले. बाबा त्यांच्या डाव्या हाताला. अकरा वर्षे काकांचा भार बाबांच्या खांद्यावर होता. बाबांचे कान चुरगळले ते तिथेच.

आता ऐका पॅकेजची गोष्ट. कंपनीच्या कागदावर रग्बीची दोन पॅकेजे असत. 'मैदान' घेतले की क्लबांचे सामने दिसत आणि 'विश्व' घेतले की देशादेशांचे. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर हे दोघे काकांच्या दुकानात तो कागद पसरून बसत, जणू लग्नाच्या याद्या करायच्या आहेत.

"तू मैदान घे, मी विश्व घेतो," काका म्हणत.

"दरवर्षी तेच. एकाने दोन्ही घेतली तर?"

"मग दुसऱ्याने काय करायचं? भिंतीकडं बघायचं? अरे इंजना, घराला पायरव लागतो. ही गेल्यापासून माझ्या जिन्याला तुझ्याशिवाय कोण ओळखतं?"

"ही" म्हणजे काकांची बायको. ती वारून बरीच वर्षे झाली होती. बाबा यावर हसत आणि विषय बदलत. काकांना सगळे थट्टेखोर समजत, म्हणून त्यांचे खरे बोलणेही थट्टेतच जमा होई.

तर अशा रीतीने एका शनिवारी आमच्या घरी क्लबांचा सामना, पुढच्या शनिवारी काकांकडे देशांचा. आणि त्यांचा एक नियम होता, तो काकांनीच घालून दिलेला: यजमानाने चहा बघावा, पाहुण्याने चॅनल. पाहुणा दारात आला की यजमान पहिल्यांदा त्याच्या हातात रिमोट देई. त्यामुळे मला आमच्या घरात असूनसुद्धा शनिवारी काकांचा हात लाभे, आणि तिकडे माझ्या भावाला बाबांचा.

मित्रांनो, हातांतला फरक आमच्याइतका कुणाला कळत नाही. बाबा बटण दाबत ते बसचा ब्रेक दाबल्यासारखे. काकांचे बोट मात्र असे टेकायचे की बारीक स्क्रू जागेवर बसवावा. एकदाच, हलकेच, नेमके. त्यांच्या अंगठ्याला घड्याळाच्या तेलाचा मंद वास असे. दोन्ही घरी रग्बीचा चॅनल एकच, तीनशे तेहतीस; ज्याचे जसे पॅकेज तसा सामना त्यावर दिसे. तीन, तीन, तीन. माझ्या अंगावरचा तो आकडा पुसला गेला तो या दोघांच्या अंगठ्यांनी. त्या झिजण्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

आणि गंमत अशी की सामन्यात स्क्रम लागला की हे दोघे तो बघतच नसत! बाबांचा उजवा हात आपोआप उठून काकांच्या पाठीमागून जाई, काकांचा डावा बाबांच्या खांद्यावर पडे, आणि दोघेही सोफ्यावर बसल्या बसल्या मान खाली घालून पुढे रेटत. समोरचे टीपॉय वीतभर सरके.

"इतकं पॅकेज घेतलंय," लेक दारातून म्हणे, "आणि नेमकं बघायचं तेव्हा दोघं आपापले गुडघे बघताय."

"आतून बघतोय," काका खाली मान घालूनच सांगत. "बाहेरून काय, कुणीही बघतं."

ते ऐकून मी मनातल्या मनात एक गाणे रचले होते. रिमोटला गाणे कसले, असे म्हणू नका. दिवसभर सोफ्यावर पडून असणाऱ्याला काहीतरी गुणगुणायला लागतेच.

एका घरची खुर्ची, दुसऱ्या घरचा चहा,
मधल्या जिन्याला विचारा, कोण आला पहा.

मग एका वर्षी बाबांच्या छातीने कुरकुर सुरू केली. अंगण ओलांडतानाच त्यांना धाप लागे. लेक एका इस्पितळात नर्स होती. धाप म्हणजे काय ते तिला चांगले ठाऊक होते आणि म्हणूनच ती फार घाबरली होती. एका दुपारी हंगामाचे कागद घेऊन कंपनीचा माणूस दारात आला. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, तोंडात साखर.

"आजोबा, या वर्षी नवीन पॅकेज आलंय. नाव आहे 'सर्वस्व'. क्लब, देश, जुने सामने, सगळं एकाच घरात. अर्धं इथं आणि अर्धं तिथं कशाला?"

"अर्धं माझ्या मित्राकडं असतं," बाबा म्हणाले.

"मग मित्रालाच इथं बोलवा की! त्यांचीसुद्धा तेवढीच बचत."

लेकीने चटकन मान वर केली. "बाबा, हे बरं आहे. चौपन्न पायऱ्या आहेत त्या. मागच्या वेळी दुसऱ्या मजल्यावर पंधरा मिनिटं बसला होतात, काकांनी सांगितलंय मला."

"तो काटा चुगलखोर आहे."

"चुगलखोर नाहीत, तुमच्यापेक्षा शहाणे आहेत. त्यांचे पाय धड आहेत. ते येतील खाली. तुम्हांला जिना नको, त्यांना सामना मिळेल. यात वाईट कुणाचं आहे?"

खरेच, यात वाईट कुणाचे होते? लेकीचे काळीज चुकीचे नव्हते. बाबांनाही ते पटू लागले. पटता पटता त्यांच्या डोळ्यांत चमक आली, मोठ्या माणसांच्या डोळ्यांत आश्चर्याचा धक्का द्यायच्या आधी येते तशी. "त्याला आत्ता सांगू नकोस," ते म्हणाले. "शनिवारी एकदम दाखवतो. म्हणावं, आता कायमचा तूच पाहुणा. कायमचा रिमोट तुझ्याच हातात."

टीव्हीवर पॅकेजांची यादी उमटली. बाबांनी मला उचलले. खालचा बाण, खालचा बाण, खालचा बाण. 'सर्वस्व' या शब्दाभोवती पिवळी चौकट आली. खाली प्रश्न उमटला: निवड कायम करायची का? बाबांनी माझे मधले बटण दाबले.

आणि काहीच झाले नाही.

माझ्या पाठीतले सेल त्या दिवसांत उतरत आले होते. बाबांनी पुन्हा दाबले. मी मुकाच. कंपनीचा माणूस म्हणाला, "तळहातावर आपटा जरा." बाबांनी मला आपटले, पाठीचे झाकण काढून अंगठ्याने सेल गोल गोल फिरवले आणि पुन्हा दाबले. या खेपेला मी बोललो. चौकट हिरवी झाली.

मित्रांनो, मी आयुष्यात लाखो वेळा बोललो असेन. ते एक बोलणे मला परत गिळता आले असते तर! दोनदा गप्प राहिलो होतो, तिसऱ्यांदाही राहायला हवे होते. बाबा कंटाळून म्हणाले असते, राहू दे, काट्याला विचारून उद्या बघू. त्या "विचारून उद्या बघू"मध्ये सगळे निभावले असते. पण मला माझ्या पहिल्या दिवसाचा अभिमान होता ना. हा बोलतो! बोललो.

शनिवार आला. खरे तर पाळी काकांची होती. बाबांनी फोन केला, "काट्या, आज तूच खाली ये. गंमत आहे."

काका आले. हातात थर्मास होता, कारण चहा करून झाला होता. काखेत बिस्किटांचा डबा होता, कारण तोही ताटलीत काढायच्या बेतात होता. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. बाबांनी त्यांना ओढतच सोफ्यावर बसवले, मला त्यांच्या हातात दिले आणि म्हणाले, "दाब!" तीन, तीन, तीन. पडद्यावर दोन देशांचे संघ मैदानात उतरत होते, जे आजवर फक्त तिसऱ्या मजल्यावर दिसत.

"छान," काका म्हणाले.

"आता सगळं इथंच! तुला काही करायला नको. कप धुवायला नको, खुर्च्या पुसायला नको. नुसतं यायचं, पाय पसरून बसायचं."

"आणि माझी पाळी?"

"अरे, पाळी कशाला हवी आता?"

काकांचा अंगठा माझ्या तीनच्या आकड्यावर तसाच टेकलेला होता. दाबत नव्हता, नुसता टेकला होता, जसा थांबलेल्या घड्याळाच्या काचेवर ते बोट टेकत, अजून काही टिकटिक उरली आहे का ते पाहायला. थर्मास त्या दिवशी उघडलाच नाही. आमच्या घरचा चहा आधीच झाला होता.

काका आणखी तीन शनिवार आले. येताना आता दारावर टकटक करत, पूर्वी कधी करत नसत. चौथ्या शनिवारी म्हणाले, काम साचले आहे. पाचव्याला म्हणाले, डोके दुखते. सहाव्याला फोनच केला नाही.

बाबांना राग आला. प्रेमातून केलेल्या गोष्टीची कुणी कदर केली नाही की येतो तसा राग, आतून दुखणारा आणि बाहेरून गुरगुरणारा.

"मी काय वाईट केलं त्याचं? हातात आयतं दिलं!"

"बाबा, फोन करा ना," लेक म्हणाली.

"त्याला बोटं नाहीत? त्याने करावा."

"तुम्ही दोघं सत्तरीचे आहात की सातचे?"

"तू गप गं."

हंगाम पुढे सरकत राहिला. बाबा एकटेच बसत. घर रिकामे वाटू नये म्हणून ते माझ्यावरून आवाज वाढवत. वाढवत, वाढवत, काचा थरथरेपर्यंत. स्क्रम लागला की त्यांचा उजवा हात उठे, सोफ्याच्या पाठीवरून पुढे जाई आणि शेजारच्या उशीवर पडे. मग ते मान खाली घालत नसत. उघड्या डोळ्यांनी सगळा स्क्रम बघत, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट दिसत असूनही त्यांना त्यात काही दिसत नसे. टीपॉय जागचे हलले नाही.

लेकीने हे एकदा दारातून पाहिले. तिने तोंडावर पदर नव्हे, हातातला टॉवेल दाबला आणि ती आत निघून गेली. त्या दिवसापासून तिने पायऱ्यांचे नाव काढले नाही.

अंतिम सामन्याच्या आदल्या शनिवारी तिने बाबांचे बूट पुसून दाराशी ठेवले. "पुढच्या शनिवारी आपण वर जायचं," ती म्हणाली. "मी बरोबर येते. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाकते. दिवसभर लागला तरी चालेल."

बाबांनी एक बूट उचलून हातात फिरवला. मग म्हणाले, "सर्वस्व काढून टाकता येतं का गं? मैदान तेवढं ठेवायचं."

"येतं."

"मग काढ. तसंच जाऊ. सांगू त्याला, माझ्याकडं दिसत नाही म्हणून आलो."

मला वाटले, माझे सगळे अपराध धुतले गेले. त्या दुपारी बाबांनी मला किती हलक्या हाताने धरले होते, सांगू! पण ते काही व्हायचे नव्हते. पॅकेज काढायचे राहिले होते, तोच मंगळवारी दाराची बेल वाजली. बाहेर एक बाई उभी होती, उंच, शिडशिडीत, आणि बोटे अगदी ओळखीची. ती काटाकाकांची मुलगी होती, दूरच्या शहरात राहणारी.

"घराच्या किल्ल्या द्यायला आले होते घरमालकांना," ती म्हणाली. "माझ्या बाबांना मी शनिवारी घेऊन गेले. त्यांची नजर फार अधू झालीय. भिंगातूनही स्क्रू दिसेनात. दुकान बंद केलं. एकटं कसं ठेवायचं?"

बाबांनी दाराची चौकट धरली. "शनिवारी? आणि मला न सांगता?"

"सांगायलाच आलो होतो, काका. निघताना दोनदा बेल वाजवली. आतून सामन्याचा मोठा आवाज येत होता. बाबा म्हणाले, बघतोय तो, राहू दे. स्क्रम असेल."

मित्रांनो, तो आवाज माझ्यावरूनच वाढवलेला होता.

तिने पिशवीतून काहीतरी काढले. माझा भाऊ! त्याच्याही अंगावरचा तीनचा आकडा पुसला होता. फक्त त्याची झीज जरा खोल होती, कारण ती बाबांच्या ब्रेकवाल्या अंगठ्याची होती.

"बाकी सगळं विकलं किंवा वाटलं," ती म्हणाली. "पण हा बाबांनी कुणाला देऊ दिला नाही. म्हणाले, हा माझा नाही, पाहुण्याचा आहे. त्याचा त्याला दे." तिने पिशवीचे तोंड बंद केले. "काका, त्यांनी विश्वचं पॅकेज हंगामभर चालू ठेवलं होतं. शेजारच्या काकू सांगत होत्या, गेले कित्येक शनिवार दार उघडं टाकून दोन कप मांडून बसायचे. कुणी विचारलं की म्हणायचे, इंजिन येतंय. त्याला चढायला वेळ लागतो."

बाबा खाली बसले. सोफ्यावर नव्हे, तिथेच, दारातल्या पायपुसण्यावर, पुसून ठेवलेल्या बुटांशेजारी. त्या दिवशी ते पहिल्यांदा मोठ्याने रडले. लेक त्यांच्या डाव्या बाजूला बसली, मग काय वाटले कोण जाणे, उठून उजव्या बाजूला येऊन बसली.

अंतिम सामना बाबांनी काकांना फोनवरून दाखवला म्हटले तरी चालेल. काकांच्या मुलीच्या घरी रग्बीचे पॅकेज नव्हते, आणि असते तरी काकांना आता नुसते हिरवे धुके दिसले असते. म्हणून बाबा फोन कानाला लावून सगळा सामना सांगत राहिले. आता दर शनिवारी सांगतात. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद असतो. आणि हातात मी नसतो, माझा भाऊ असतो. आम्ही एकाच कंपनीचे, तो आमच्या बॉक्सशीही बोलतो. दोन रिमोट कशाला वर ठेवायचे, म्हणून बाबांनी मला या ड्रॉवरमध्ये ठेवले. त्याचा मला राग नाही. पाहुण्याच्या हातात पाहुण्याचा रिमोट असावा, हेच बरोबर आहे. फक्त तो पाहुणा आता कुणाकडेच जात नाही, एवढेच.

माझे गाणेही बदलले आहे.

एका घरची खुर्ची, दुसऱ्या घरचा चहा,
मधल्या जिन्यावर आता धूळ बसली पहा.

मित्रांनो, एक विनंती करतो. जुना रिमोट बाजूला ठेवाल तेव्हा त्याच्या पाठीतले सेल काढून ठेवत जा. बाबा विसरले. सेल आतल्या आत पाझरतात. वरून काही कळत नाही, बटणे तशीच दिसतात, आणि एक दिवस झाकण उघडावे तर आतल्या स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या असतात. काटाकाका तीन शनिवार आमच्या सोफ्यावर असेच बसले होते, आणि आम्ही कुणीही झाकण उघडून पाहिले नाही. कुणासाठी काही चांगले करायला निघालात तर आधी त्याला विचारा. त्याच्या घरचा चहा प्या. त्याला यजमान होऊ द्या.

थांबा. आज शनिवार आहे. वरून बाबांचा आवाज येतो आहे.

"काट्या, ऐकतोयस ना? स्क्रम लागला. चल, मान खाली."

फोनमधून बारीक आवाज येतो, "घातली. तुझा खांदा कुठंय?"

"इथंच आहे रे."

"लागत नाही हाताला."

सोफा करकरतो, आणि ड्रॉवरच्या फटीतून मला टीपॉयचा एक पाय दिसतो. तो वीतभर नाही, बोटभर सरकतो.